ग्रंथप्रेमी मंडळाचा इतिहास लिहायचाय: दप्तर हाती आलंय, पुढे काय?

पेठेतला वाचक

नमस्कार मंडळी,

सदाशिव पेठेतल्या एका जुन्या ग्रंथप्रेमी मंडळाचा इतिहास लिहायचं काम आम्हा तिघांकडे आलं आहे. मंडळ स्वातंत्र्याच्या आगेमागे सुरू झालं. दर महिन्याला एका पुस्तकावर चर्चा, सभासदांमध्ये फिरणारी पुस्तकांची पेटी आणि वर्षातून एकदा दुर्मिळ पुस्तकांचं प्रदर्शन, असा त्याचा परिपाठ.

दप्तरात इतिवृत्ताच्या वह्या आहेत, पण मधली एक सापडत नाही. पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती (मंडळाकडे राहिलेले अर्धे), दोन रोजकिर्दी (रोजच्या जमाखर्चाच्या वह्या), आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन चढवलेली दाखल नोंदवही, काळ्या कागदाचा फोटो अल्बम, दोन स्मरणिका आणि पत्रांचं एक गाठोडं आहे. बऱ्याच पत्रांवर तारीखच नाही. टाचण्या गंजल्यात, काही पानं हात लावताच तुटतात, दोन वह्यांना कसर लागली आहे.

शंका अशा:

१. स्मरणिकेतलं स्थापनेचं साल आणि नोंदणी दाखल्यावरचं साल जुळत नाही. कोणतं धरायचं?
२. बिनतारखेची पत्रं कोणत्या काळातली, हे कसं ठरवायचं?
३. गहाळ वही पानशेतच्या पुरात गेली असं सगळे सांगतात. पडताळता येईल का?
४. अध्यक्ष आणि कार्यवाहांच्या याद्यांपलीकडे पुस्तकात काय असावं? साधारण १६० पानांचं करायचा विचार आहे.

जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

बांधणी

वाचायला बसण्याआधी दप्तर सुरक्षित करा. इतिहासलेखनाच्या उत्साहात कागद आधी चाळले जातात आणि चाळतानाच सगळ्यात जास्त तुटतात.

गाठोडं सोडण्याआधी त्याचा फोटो घ्या, आणि प्रत्येक थर उचलण्याआधीही घ्या. पत्रं कोणत्या क्रमानं ठेवली होती हाच पुष्कळदा तारखेचा पुरावा असतो. ‘नीट लावून ठेवू’ म्हणून माणसांच्या नावांप्रमाणे ढीग केलेत, की तो पुरावा गेला. प्रत्येक कागदाच्या मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं, म्हणजे २बी वगैरे, क्रमांक टाका. पेन नको, चिकटपट्टीची चिठ्ठी नको.

गंजलेली टाचणी उपसू नका. गंजानं ती कागदाला धरलेली असते, ओढली की भोकाभोवतीचा कागद सोबत येतो. टाचणी जिथे कागदावर टेकते तिथे, वरून आणि खालून, पॉलिस्टर फिल्मचा छोटा तुकडा सरकवा म्हणजे कागद आणि धातू सुटे होतील. मग टोकाकडून हळूच मागे ढकला. जुनी सेलोटेप खरवडू नका, तिच्यासोबत अक्षरं निघतात. ते काम जतनतज्ज्ञाचं. आणि लॅमिनेशन अजिबात करू नका. उष्णतेनं आणि गोंदानं कागद कायमचा प्लास्टिकात बंद होतो, तो पुन्हा सोडवता येत नाही. पुण्यातल्या किती तरी संस्थांची मूळ प्रमाणपत्रं अशीच हातची गेली आहेत.

टाक-दौतीच्या जुन्या काळ्या शाईत बहुधा लोह असतं. ती कालांतरानं तपकिरी होते आणि जाड रेघांच्या जागी कागद खाते. अशा पानांना ओलावा लागू देऊ नका. पान उलटताना खालून पुठ्ठ्याचा आधार द्या आणि पुठ्ठ्यासकट उलटा.

कसर लागलेल्या वह्या आधी पूर्ण कोरड्या आहेत याची खात्री करा. मग जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, हवा काढून, तोंड पक्कं बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. घरच्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा एवढा थंड राहीलच असं नाही आणि दार सतत उघडझाप होत असतं, म्हणून वेगळा डीप फ्रीजर मिळवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस तशीच बंद राहू द्या. लगेच उघडली तर थंड कागदावर हवेतलं पाणी धरतं आणि कसर जाऊन बुरशी येते. फोटो आणि काचेच्या निगेटिव्ह मात्र फ्रीजरमध्ये घालू नका.

डांबराच्या गोळ्या, कडुनिंबाचा पाला, कापूर यांवर भिस्त ठेवू नका. गोळ्यांची वाफ बंद खोलीत बसून काम करणाऱ्या माणसांना बाधते, आणि ओला पाला कागदावर डाग पाडतो. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं तरी पुढे ओढा. पुण्यात जून ते सप्टेंबर त्या भिंतीतूनच ओल येते. आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरू लागते. साधा आर्द्रतामापक कपाटात ठेवा आणि आठवड्यातून एकदा वाचा. पोटमाळा टाळा.

आता स्कॅनिंग. शिवलेल्या वह्या फ्लॅटबेड स्कॅनरवर पालथ्या दाबू नका, पाठ फुटते. वही अर्धवट उघडी राहील असा दोन्ही बाजूंना उशांचा आधार द्या आणि वरून स्टँडवर लावलेल्या कॅमेऱ्यानं किंवा फोननं टिपा. सुटे कागद फ्लॅटबेडवर चालतील. मजकुराला ३०० डीपीआय रंगीत पुरे, छोट्या फोटोंना ६००. जागेचा हिशोब आधीच करा: ए-फोर पान ३०० डीपीआयला, न दाबलेल्या टिफ स्वरूपात, सुमारे २६ एमबी होतं. म्हणजे ४०० पानांना साडेदहा जीबीच्या आसपास. तीन प्रती ठेवा, त्यांतली एक दुसऱ्या घरी. फाइलचं नाव ‘इतिवृत्त-०२-पान-०१४’ अशा धर्तीवर द्या. ‘महत्त्वाचं पत्र नवीन फायनल’ असल्या नावांनी वर्षभरात सगळा घोळ होतो.

अल्बमचं प्रत्येक पान फोटोंसकट, मथळ्यांसकट आधी अख्खं टिपा. काळ्या कागदावर पांढऱ्या शाईत लिहिलेली नावं पुसट होतात. दिवा एका बाजूनं तिरका लावला तर बरीच वाचता येतात. फोटो उचकटून मागचं लिखाण बघायचा मोह आवरा.

आणेवारी

बिनतारखेच्या पत्रांबद्दल. एका खुणेवर विसंबू नका. दोन-तीन खुणा एकाच काळाकडे बोट दाखवतात का ते पाहा.

पोस्टाचा शिक्का सगळ्यात भरवशाचा. कार्डावर तो अर्धवट उमटलेला असतो, स्कॅनमधला काँट्रास्ट वाढवला की तारीख दिसते. तिकिटावर राजाचं चित्र असेल तर पत्र साधारण १९४० च्या दशकातलं किंवा त्याआधीचं. स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ चं, पण राजाची तिकिटं त्यानंतरही काही काळ वापरात होती. म्हणून ‘राजा आहे म्हणजे सत्तेचाळीसच्या आधीचंच’ असं धरू नका.

पैशांचा उल्लेख असला तर सोपं जातं. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली. रुपये-आणे-पै असेल तर बहुधा त्याआधीचं, ‘नये पैसे’ असेल तर त्यानंतरच्या सात-आठ वर्षांतलं. फक्त बोलण्यात चार आणे, आठ आणे पुढेही वर्षानुवर्षं राहिले; तेव्हा पत्रातल्या उल्लेखापेक्षा पावतीवरचा आकडा धरा. बेरजा तपासताना १ रुपया = १६ आणे = १९२ पै, हे विसरू नका. आण्यांचा रकाना दशांश समजून संगणकात भरला की सगळा ताळेबंद चुकतो. ३ रुपये ८ आणे म्हणजे ३.५०, ३.८ नव्हे.

पत्त्याकडे पाहा. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. ४११०३० छापलेला लेटरहेड त्यानंतरचाच. नुसतं ‘पुणे ३०’ असेल तर मात्र सांगता येत नाही, कारण पुणेकर पुढेही तसंच लिहीत राहिले. ‘मुंबई राज्य’ असेल तर १ मे १९६० च्या आधीचा कागद, अर्थात जुने छापील कागद संपेपर्यंत वापरायची पुणेरी काटकसर गृहीत धरूनच.

लेखनपद्धतीवरूनही अंदाज येतो. अनुच्चारित अनुस्वार (‘केलें’, ‘नाहीं’ असे) भरपूर असतील तर पत्र बहुधा १९६२ च्या लेखननियमांपूर्वीचं, किंवा मग लिहिणारा त्याआधी शाळा शिकलेला. ही दुसरी शक्यता फार जागी चकवते. ‘अि, अु’ अशी अक्षरं दिसली तर लिपिसुधारणेच्या चळवळीचा प्रभाव समजा.

शके असेल तर: चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. शके १८६५ चा चैत्र म्हणजे १९४३, पण त्याच शकाचा फाल्गुन म्हणजे १९४४. पौषात अडचण होते, कारण नवं इंग्रजी वर्ष बहुधा त्याच महिन्यात लागतं. तिथे पंचांग उघडावंच लागेल.

रोजकीर्द

स्थापनेच्या सालाबद्दल. ‘कोणतं धरायचं’ याऐवजी ‘कशाचं साल आहे’ असं विचारा. मंडळं एका दिवसात जन्माला येत नाहीत. चार वेगळ्या घटना असतात: पहिली बैठक, नाव ठरणं, घटना मंजूर होणं आणि नोंदणी. त्यांत दोन-तीन वर्षांचं अंतर पडणं अगदी सर्वसाधारण आहे. पुस्तकात चारही तारखा द्या, प्रत्येकीपुढे आधाराचा कागद द्या. ज्या तारखेला आधार नाही तिथे ‘स्मरणिकेनुसार’ असं स्पष्ट लिहा.

एक वर्षाचा फरक असेल तर महोत्सवांवरून तपासा. १९४७ ला सुरू झालेल्या मंडळाला पंचविसावं वर्ष १९७१ मध्ये लागतं आणि पंचवीस वर्षं १९७२ मध्ये पुरी होतात. रौप्यमहोत्सव कोणी लागताना करतं, कोणी सरताना. पुढच्या पिढीनं महोत्सवाच्या सालातून सरळ २५ वजा केले की साल सरकतं, आणि तेच मग सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत छापलं जातं. दसरा, पाडवा असा मुहूर्त असेल तर त्या वर्षीची इंग्रजी तारीख पंचांगातून काढा.

नोंदणीचे कागद धर्मादाय कार्यालयातून मिळवा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार किमान सात जणांनी उद्देशपत्रावर नावं घालावी लागतात, आणि त्यात पहिल्या कार्यकारिणीची नावं, पत्ते, व्यवसाय असतात. तुमच्यासाठी हा कागद सोन्यासारखा. मंडळ कोणत्या थरातून उभं राहिलं, शिक्षक किती, वकील किती, छापखानेवाले किती, ते त्या एका पानावर दिसतं. १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आल्यावर अशा संस्थांची न्यास म्हणूनही नोंद होऊ लागली. तुमच्या क्रमांकाआधी ‘एफ’ असेल तर ती हीच नोंद. परिशिष्ट एकची (न्यासाच्या नोंदीचा उतारा) आणि जुन्या बदल अर्जांची प्रमाणित नक्कल मागा. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत कलम २२ खाली बदल कळवायचा असतो, त्यामुळे गहाळ वहीच्या काळातले पदाधिकारी तिथे सापडण्याची चांगली शक्यता आहे. फक्त बदल अर्ज वर्षानुवर्षं तुंबवून एकदम दाखल करायची सवय सर्वत्र आहे, म्हणून अर्जाची तारीख आणि निवडीची तारीख वेगवेगळी टिपा.

इतिवृत्त वाचताना ठरावाइतकंच सभोवती बघा. सभेची सूचना किती दिवस आधी निघाली, सह्या किती, मजकुरात ‘उपस्थित’ म्हणून नावं किती, गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब झाली का, सूचक-अनुमोदक कोण. ‘सर्वानुमते मंजूर’ या शब्दांवर थांबू नका. कडाक्याचा वाद झाला तरी कार्यवाह तेच लिहितात. पुढच्या दोन-तीन सभांत कोणाचा राजीनामा आला, कोणाची सही बंद झाली, मागील इतिवृत्त कायम करताना दुरुस्ती सुचवली गेली का, यावरून वाद कळतो. सलग चार-पाच सभा एकाच शाईत, एकाच हातानं, एका बैठकीत लिहिल्यासारख्या दिसल्या तर त्या मागाहून लिहिल्या आहेत. तारखा रोजकिर्दीतल्या चहापाण्याच्या खर्चाशी ताडून पाहा. सभा झाली असेल तर चहा झालेला असतो.

हिशोब हा माझ्या मते मंडळाच्या इतिहासाचा सगळ्यात प्रामाणिक भाग आहे, आणि स्मरणिकांमध्ये तो कधीच येत नाही. समजा वर्गणी वर्षाला ३ रुपये आहे आणि जमेला १७४ रुपये दिसतात. लगेच ५८ सभासद लिहू नका. मागल्या थकबाकीची वसुली त्यातच असते, पुढल्या वर्षाची आगाऊ रक्कमही असते. स्थळप्रतींवर ‘सन अमुकची वर्गणी’ असं लिहिलेलं असतं, त्यावरून वर्षवार फोड करा. मंडळाचं हिशोबी वर्ष कोणतं तेही आधी ठरवा: दिवाळी ते दिवाळी, पाडवा ते पाडवा, की एप्रिल ते मार्च. मधेच बदललं असेल तर एक वर्ष सहा-सात महिन्यांचं निघतं आणि त्या वर्षी सभासद अचानक घटल्यासारखे वाटतात.

दाखल नोंदवहीतून तर मंडळाची आवड वाचता येते. वर्षवार किती पुस्तकं विकत घेतली, किती भेट आली, कोणत्या विषयांची, सरासरी किंमत किती. एकाच दिवशी एकाच नावानं चाळीस-पन्नास पुस्तकं चढलेली दिसली तर बहुधा कोणाचा तरी संग्रह मृत्यूनंतर आला आहे. त्या सुमाराच्या इतिवृत्तात दुखवट्याचा ठराव शोधा. शेऱ्याचा रकाना वाचाच: ‘गहाळ’, ‘रद्द’, ‘बांधणीस’. मग कपाटाशी पडताळा. सगळी पुस्तकं तपासायला वेळ नसेल तर दर दहावा दाखल क्रमांक घ्या, १०, २०, ३० असं, आणि पुस्तक जागेवर आहे का पाहा. पडताळताना शिक्क्यांचे प्रकारही टिपा. गोल शिक्का कोणत्या क्रमांकापर्यंत आणि लंबगोल कुठून, हे कळलं की अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत सापडलेलं मंडळाचं पुस्तकही कोणत्या काळातलं ते सांगता येतं.

पेठेतला वाचक

मनापासून आभार. नोंदणीची नक्कल मागवतो. चहाच्या खर्चावरून सभा पडताळायची युक्ती कालच वापरून पाहिली. एका वर्षाच्या तीन सभांना खर्चाची नोंदच नाही. रोजकीर्द अपुरी असेल असंही वाटतं.

पुराच्या दाव्याबद्दल कोणी सांगेल का? आणि पुस्तकाच्या रचनेबद्दल?

रोजकीर्द

त्या तीन सभांबद्दल: चहा एखाद्या सभासदाच्या घरी झाला असेल तर खर्च पडणार नाही. सभेचं ठिकाण बघा. ठिकाण मंडळाची जागा असेल, वर्गणीची जमाही त्या दिवशी शून्य असेल आणि सूचनेच्या टपालाचा खर्चही नसेल, तरच संशय घ्या.

नदीकाठ

पानशेतचं धरण १२ जुलै १९६१ ला फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं. नदीलगतच्या भागांत, नारायण आणि शनिवार पेठेत, डेक्कनच्या बाजूला, पाणी घरांत शिरलं. सदाशिव पेठेचा बराचसा भाग मात्र उंचावर आहे. त्यामुळे पहिला प्रश्न असा: १९६१ च्या जुलैमध्ये ती वही होती कुठे? संस्थांची दप्तरं तेव्हा बहुधा कार्यवाहांच्या घरी असायची. त्या वर्षीचे कार्यवाह कोण आणि राहत कुठे, हे पावत्यांवरच्या सहीवरून आणि पत्रव्यवहारातल्या पत्त्यावरून काढा. घर नदीकाठी असेल तर दावा टिकतो.

दुसरं, शेजारच्या वह्या तपासा. पुरात भिजलेल्या कागदाला गाळाची मातकट रेघ असते, पानं लाटांसारखी वाकलेली असतात, शाई एका पातळीपर्यंत फुटलेली असते आणि शिवणीच्या खाचेत बारीक माती आजही सापडते. आधीची आणि नंतरची वही स्वच्छ, फक्त मधली वाहून गेली, असं असेल तर पूर हे कारण पटत नाही.

तिसरं, जुलै १९६१ नंतरची इतिवृत्तं वाचा. दप्तर गेलं असेल तर त्याचा उल्लेख, नवी वही घेतल्याचा खर्च, भिजलेली पुस्तकं नोंदवहीतून रद्द केल्याचा ठराव, यांतलं काही तरी असणारच. काहीच नसेल तर वही पुढे कधी तरी हरवली आणि कारण मागून चिकटलं. पुण्यातल्या जुन्या संस्थांत पुराचं खरं नुकसान इतकं मोठं आहे की खोटं नुकसानही त्यात सहज खपून जातं. खऱ्या नुकसानीचा मान राखायचा तर पडताळणी करायलाच हवी.

पोकळी भरायला वर्तमानपत्रं आहेत. ‘केसरी’ ४ जानेवारी १८८१ पासूनचा आणि ‘सकाळ’ १ जानेवारी १९३२ पासूनचा. स्थानिक कार्यक्रमांच्या छोट्या बातम्यांत ‘अमुक मंडळात आज व्याख्यान’ अशा दोन ओळी मिळतात. अंक सरसकट चाळू नका, जन्म जाईल. आधी प्रदर्शनाचा नेहमीचा महिना पक्का करा आणि तेवढेच पंधरा दिवस दर वर्षी पाहा. कात्रण टिपताना अंकाची तारीख, पान आणि रकाना लिहा. बातमीत ‘काल’ असतं, तेव्हा कार्यक्रमाची तारीख एक दिवस आधीची, आणि अंक रोज निघत नसेल तर आणखी मागची.

जुनी प्रत

रचनेबद्दल. जगातल्या पुस्तकप्रेमींच्या क्लबांचे इतिहास पाहिले तर टिकाऊ भाग तीनच दिसतात: क्लबानं काय छापलं, काय मांडलं, आणि कोणाला आत घेतलं किंवा घेतलं नाही.

लंडनचा रॉक्सबर्ग क्लब १८१२ चा. रॉक्सबर्गच्या ड्यूकच्या ग्रंथसंग्रहाचा लिलाव झाला, त्या निमित्तानं जमलेल्या संग्राहकांनी तो काढला. प्रत्येक सभासदानं एखादं दुर्मिळ लिखाण छापून बाकीच्यांना द्यायचं, ही त्याची रीत. आज त्याचा इतिहास म्हणजे मुख्यतः त्या छापलेल्या पुस्तकांची सूची. पण जोसेफ हेझलवूड नावाच्या सभासदानं क्लबाच्या मेजवान्यांची टिपणं ठेवली होती. १८३३ मध्ये तो वारला, टिपणं विकली गेली, आणि त्यातला मजकूर पुढच्या वर्षी एका साप्ताहिकात छापून आला. क्लबाची बरीच शोभा झाली. तुमच्या पत्रांच्या गाठोड्यातही अशी टिपणं असतील. काय छापायचं आणि काय फक्त जपून ठेवायचं, हे तिघांनी आधीच लेखी ठरवा.

न्यूयॉर्कचा ग्रोलिए क्लब १८८४ मध्ये नऊ जणांनी काढला. छापखान्याची यंत्रं बनवणाऱ्या रॉबर्ट हो यांच्या घरी ते जमले होते. नाव घेतलं सोळाव्या शतकातल्या फ्रेंच संग्राहकाचं. छपाई, बांधणी, टाइप हे विषय पहिल्यापासून केंद्रस्थानी. पहिल्याच वर्षी १६३७ च्या छपाईविषयक इंग्रज फर्मानाचं पुनर्मुद्रण त्यांनी काढलं. प्रदर्शनांबरोबर सूची छापायची शिस्त त्यांनी धरली, म्हणून शंभर वर्षांपूर्वीच्या प्रदर्शनात काय होतं ते आज कळतं. मात्र स्त्रियांना सभासदत्व मिळालं ते १९७६ मध्ये. त्याआधी १९४४ मध्ये संग्राहक स्त्रियांनी तिथे स्वतःचा ह्रोस्विथा क्लब काढला होता. शिकागोचा कॅक्स्टन क्लब १८९५ चा, तोही छपाईची गोडी असलेल्यांचा.

यातून तुमच्यासाठी: प्रदर्शनांचं प्रकरण सगळ्यात मोठं करा. दर वर्षी कोणती पुस्तकं मांडली, कोणाच्या संग्रहातून आली, काचपेट्या कुठून आणल्या, विमा होता का, काही हरवलं का. हस्तलिखित चिठ्ठ्या, मांडणीचे आराखडे, उसन्या पुस्तकांच्या पोचपावत्या गाठोड्यात असतील, त्यांचं मोल इतिवृत्तापेक्षा अधिक धरा. एका प्रदर्शनाची तरी पूर्ण सूची पुन्हा उभी करून छापा: शीर्षक, छापखाना, साल, मालक, आणि आज ती प्रत कुठे आहे.

सभासदांच्या यादीत पहिली स्त्री कोणत्या वर्षी, कोणत्या नावानं दिसते, आणि ‘सौ. अमुक’ असं पतीच्या पावतीवरच चढवली आहे का, ते पाहा. कोणत्या पेठांतून सभासद आले आणि कोणत्या पेठांतून एकही नाही, हे नकाशावर मांडा. पुण्यात हा प्रश्न जुना आहे. न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली ११ मे १८७८ ला हिराबागेत ग्रंथकारांची पहिली सभा भरली. १८८५ च्या दुसऱ्या सभेचं निमंत्रण जोतीराव फुल्यांनी नाकारलं आणि या सभेत शूद्रातिशूद्रांच्या दुःखाला जागा नाही, असं पत्रानं कळवलं. ग्रंथप्रेमींच्या कोणत्याही पुणेरी मंडळानं स्वतःची यादी त्या पत्राच्या उजेडात वाचायला हवी.

शहराच्या पार्श्वभूमीला दोन पानं द्या, जास्त नको. १८४८ चं नेटिव्ह जनरल लायब्ररी, म्हणजे आजचं पुणे नगर वाचन मंदिर. मे १९०६ मधली साहित्य परिषद. जुलै १९१० मधलं भारत इतिहास संशोधक मंडळ. या संस्थांशी तुमच्या मंडळाचा प्रत्यक्ष संबंध आला असेल, सभागृह भाड्यानं घेतलं असेल, पुस्तकं उसनी आणली असतील, तरच अधिक लिहा. सगळ्या स्मरणिका ‘पुणे हे विद्येचं माहेरघर’ इथून सुरू होतात आणि मंडळ येईपर्यंत वाचक दमतो.

ज्येष्ठ सभासदांशी बोलताना तास-दीड तासाच्या वर ताणू नका, आणि रिकाम्या हातानं जाऊ नका. अल्बमच्या पानांचे मोठे प्रिंट न्या. ‘तेव्हाच्या आठवणी सांगा’ म्हटलं की भाषण मिळतं; ‘फोटोत डावीकडून तिसरे कोण, आणि ही काचपेटी कोणाची’ म्हटलं की माहिती मिळते. ध्वनिमुद्रणाची संमती लेखी घ्या.

मुद्रितशोधक

छपाई आणि हक्कांचं थोडं राहिलं, तेवढं लिहितो.

पत्र मंडळाच्या ताब्यात असलं तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, त्याच्यानंतर वारसांचा. १९५७ च्या कायद्यात मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं आहे, पण लेखकाच्या हयातीत अप्रकाशित राहिलेल्या लिखाणाची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. म्हणून ‘ते जाऊन सत्तर वर्षं झाली’ एवढ्यावर अख्खं पत्र छापू नका. वारसांची परवानगी घ्या, नाहीतर सारांश द्या. मंडळानं पैसे देऊन स्टुडिओकडून काढवून घेतलेल्या फोटोंचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, मंडळाचाच. त्याचा पुरावा रोजकिर्दीत असतो, ती नोंद शोधून ठेवा. थकबाकीदारांची नावं आणि हयात सभासदांचे पत्ते छापू नयेत.

१६० पानं म्हणजे सोळा पानी दहा फॉर्म (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून दुमडलेली पानं), डेमी आकाराला सोयीचं. पण नामसूची, परिशिष्टं आणि घटनेचा मसुदा धरून मजकूर १३५-१४० पानांतच बसवा. शेवटी दोन पानं वाढली की एक आख्खा फॉर्म वाढतो. फोटो मजकुराच्या कागदावर छापले तर काळे पडतात. आठ किंवा सोळा पानांचा आर्ट पेपरचा वेगळा गठ्ठा शिवून घ्या. नामसूची पानं कायम झाल्यावरच करा, आधी केली तर एका ओळीच्या दुरुस्तीनं सगळे आकडे हलतात. एकाच माणसाची ‘गो. वि.’, ‘गोविंदराव’, ‘अण्णा’ अशी तीन रूपं येतील, ती एका मुख्य नोंदीखाली आणा.

आयएसबीएन राजा राममोहन रॉय यंत्रणेकडून विनामूल्य मिळतो, पण वेळ लागू शकतो, म्हणून मुखपृष्ठ छपाईला जाण्याच्या बरेच आधी अर्ज करा. प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह कायद्यानं ठरवलेल्या ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या असतात, तेव्हा छापायच्या प्रतींत त्या मोजून घ्या. स्कॅनचा एक पूर्ण संच आणि दप्तराची क्रमवार यादी शहरातल्या एखाद्या संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात लेखी पोच घेऊन द्या, आणि त्या पोचेचा क्रमांक पुस्तकाच्या प्रस्तावनेत छापा.